रसायनशास्त्राची उजळणी कशी करावी ?

‘उजळणी’ हा शब्द मराठी शाळेला फार जुन्या काळापासून परिचित आहे. पूर्वी गावोगावच्या शाळांतून संध्याकाळच्या वेळी मुले एका सुरात पाढे म्हणत, त्याला उजळणी म्हणत असत. या शब्दाचा मूळ अर्थ मात्र मळलेली वस्तू पुन्हा लख्ख करणे असा आहे. घरातील तांब्याचे भांडे काळवंडले की ते नुसत्या फडक्याने पुसून भागत नाही. त्याला चिंच लावून ते घासावे लागते. चिंचेतील आम्लाची तांब्यावर साचलेल्या ऑक्साइडच्या थराशी अभिक्रिया होते, तो थर सुटून जातो आणि खालचे मूळ तांबे दिसू लागते. रसायनशास्त्राची उजळणीही याच प्रकारची असावी लागते. धड्यांवरून वरवर नजर फिरविणे म्हणजे भांडे फडक्याने पुसणे होय.

इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांच्या मनात रसायनशास्त्राविषयी भीती असते. ‘हा विषय आपल्याला जमणारा नव्हे’ अशी समजूत करून घेऊन ते तो विषय पाठांतराच्या स्वाधीन करतात. या भीतीचे कारण शोधू गेल्यास ते बहुधा बुद्धीच्या उणिवेत सापडत नाही. मागे कधीतरी एखादी लहानशी पायरी चुकलेली असते. आठवीत संयुजा समजली नाही, म्हणून नववीत रेणुसूत्र लिहिता येत नाही. रेणुसूत्र येत नाही, म्हणून दहावीत समीकरण संतुलित होत नाही. समीकरण जमत नाही, म्हणून वस्तुमानाचे गणित सुटत नाही. अशा रीतीने एका पायरीची उणीव तीन वर्षे साचत जाते. शिक्षकाला पुढील धडा पूर्ण करावयाचा असतो आणि मागे राहिलेला विद्यार्थी वर्गात गप्प बसू लागतो.

तथापि या विषयाची एक बाजू मोठी दिलासा देणारी आहे. शालेय रसायनशास्त्राचा पाया अगदी लहान आहे. सुमारे पंचवीस मूलद्रव्यांच्या संज्ञा, नेहमी लागणाऱ्या आयनांच्या संयुजा आणि द्रव्य अक्षय्यतेचा एक नियम, एवढ्यावर या तीन इयत्तांतील रसायनशास्त्राचा बहुतेक भाग उभा आहे. ज्याच्या घरी खासगी शिकवणीची सोय नाही, त्या विद्यार्थ्यालाही पाठ्यपुस्तक, एक वही आणि नियमितपणा यांच्या बळावर हा पाया नव्याने घालता येतो. तो कसा घालावा याचे दिग्दर्शन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वाचन आणि उजळणी

परीक्षा जवळ आली की विद्यार्थी धडा पुनःपुन्हा वाचतात. प्रत्येक वाचनाबरोबर मजकूर ओळखीचा वाटू लागतो आणि ओळख पटली म्हणजे ज्ञान झाले असा भास होतो. परीक्षेच्या सभागृहात पुस्तक समोर नसते, तेव्हा हा भास उघडा पडतो.

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या स्मरणशक्तीवर केलेले प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. शिकलेल्या गोष्टीचा विसर आरंभी झपाट्याने पडतो व पुढे त्याचा वेग मंदावतो, असे त्याला आढळून आले. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोगही विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्याजोगा आहे. त्यांनी काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा वाचावयास सांगितला. इतरांना उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहावयास सांगितले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले.

यावरून उजळणीचा पहिला नियम निघतो. पुस्तक मिटावे, कोरा कागद घ्यावा आणि आठवेल ते लिहावे. मग पुस्तक उघडून चुका दुरुस्त कराव्यात. आठवताना जो त्रास होतो तो अभ्यास कच्चा असल्याचे लक्षण समजून घाबरू नये. त्या त्रासातूनच स्मरण पक्के होते. दुसरा नियम असा की, एकदा आठवलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी, नंतर तीन-चार दिवसांनी आणि मग आठवड्याने पुन्हा आठवून पाहावी. एका रात्रीत चार तास बसण्यापेक्षा आठ दिवस रोज अर्धा तास बसणे अधिक फलदायी ठरते.

पाया : संज्ञा आणि संयुजा

आरंभ मूलद्रव्यांच्या संज्ञांपासून करावा. पहिली वीस मूलद्रव्ये अणुअंकाच्या क्रमाने लिहावीत. त्यांत लोह, तांबे, जस्त, चांदी, शिसे, पारा व आयोडीन यांची भर घातली म्हणजे शालेय गरज बहुतांशी भागते. काही संज्ञा इंग्रजी नावाशी जुळत नाहीत व तेथे गोंधळ होतो. सोडिअमची संज्ञा ‘नेट्रिअम’ या नावावरून, पोटॅशिअमची ‘कॅलिअम’वरून, लोहाची ‘फेरम’वरून, तांब्याची ‘क्युप्रम’वरून, चांदीची ‘अर्जेंटम’वरून आणि शिशाची ‘प्लंबम’वरून आली आहे. मूळ नावे एकदा समजून घेतली की संज्ञा सहज लक्षात राहतात. रोमन अक्षरे लहान व मोठी लिहिण्याबाबतही काटेकोर असावे. ‘सी’ आणि ‘ओ’ ही दोन्ही अक्षरे मोठी लिहिली तर तो कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो. त्यांतील ‘ओ’ लहान लिहिला तर ती कोबाल्ट या धातूची संज्ञा होते.

संयुजा पाठ करण्यापूर्वी ती कोठून येते हे पाहावे. सोडिअमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात व ते २, ८, १ असे कवचांत विभागलेले असतात. बाहेरील कवचातील एक इलेक्ट्रॉन दिला की आतील आठांचे पूर्ण कवच उरते. क्लोरीनचे इलेक्ट्रॉन २, ८, ७ असे असतात. त्याला एक इलेक्ट्रॉन मिळाला की त्याचे आठ पूर्ण होतात. एकाला एक द्यावयाचा आहे, दुसऱ्याला एक हवा आहे. म्हणून दोघांची संयुजा १ असून मिठात सोडिअम व क्लोरीन यांचे प्रमाण एकास एक असते. मॅग्नेशिअमची रचना २, ८, २ असल्याने त्याला दोन इलेक्ट्रॉन द्यावयाचे असतात. साहजिकच त्याच्या एका अणूला क्लोरीनचे दोन अणू लागतात.

संयुजा समजली की रेणुसूत्र तिरकस गुणाकाराने लिहिता येते. ॲल्युमिनिअमची संयुजा ३ व ऑक्सिजनची २ आहे. त्यांची अदलाबदल केली की ॲल्युमिनिअम ऑक्साइडमध्ये ॲल्युमिनिअमचे दोन व ऑक्सिजनचे तीन अणू येतात. येथे पडताळा पाहण्याची सवय ठेवावी. दोन अणूंचे दिलेले सहा इलेक्ट्रॉन आणि तीन अणूंनी घेतलेले सहा इलेक्ट्रॉन, म्हणजे देणे व घेणे सारखे झाले. हायड्रॉक्साइड, सल्फेट, नायट्रेट, कार्बोनेट यांसारखे अनेक अणूंचे गट एकापेक्षा अधिक वेळा येत असतील, तर ते कंसात लिहून अंक कंसाबाहेर द्यावा लागतो. कॅल्शिअम हायड्रॉक्साइडमध्ये हायड्रॉक्साइडचे दोन गट असतात. कंस विसरला तर अंक केवळ हायड्रोजनला लागू होतो व संपूर्ण सूत्र चुकते. परीक्षेत गुण गमावण्याची ही एक नेहमीची जागा आहे.

समीकरण म्हणजे हिशेब

रासायनिक अभिक्रियेत अणू नव्याने निर्माण होत नाहीत किंवा नष्टही होत नाहीत. त्यांची केवळ मांडणी बदलते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लव्हॉझिए याने काटेकोर वजने घेऊन हा सिद्धांत प्रतिपादन केला आणि १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तो स्पष्टपणे मांडला. समीकरण संतुलित करणे म्हणजे या नियमाचे पालन करणे होय. वाण्याच्या खतावणीत जमा आणि खर्च जुळावे लागतात, तसे बाणाच्या दोन्ही बाजूंचे अणू जुळावे लागतात.

उदाहरणार्थ, ॲल्युमिनिअम व ऑक्सिजन यांपासून ॲल्युमिनिअम ऑक्साइड तयार होते. ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात आणि ऑक्साइडमध्ये तीन. दोन आणि तीन यांचा लघुतम साधारण विभाज्य सहा होय. म्हणून ऑक्सिजनचे तीन रेणू व ऑक्साइडचे दोन रेणू घ्यावेत. आता उजवीकडे ॲल्युमिनिअमचे चार अणू झाले, म्हणून डावीकडेही चार घ्यावेत. ॲल्युमिनिअमचे अणुवस्तुमान २७ व ऑक्सिजनचे १६ धरल्यास डावीकडे १०८ अधिक ९६ म्हणजे २०४ येतात. उजवीकडे १०२ ची दुप्पट, म्हणजे तेवढेच २०४. हिशेब जुळला.

येथे होणारी मोठी चूक म्हणजे संतुलनासाठी रेणुसूत्रातीलच अंक बदलणे. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन व ऑक्सिजनचा एक अणू असतो. हिशेब जुळविण्यासाठी ऑक्सिजनचा अंक दोन केला तर ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड हा निराळाच पदार्थ होतो. म्हणून रेणुसूत्राला हात लावू नये. अंक द्यावयाचा तो सूत्राच्या आधी द्यावा.

चुन्याच्या एका धाग्यात चार अभिक्रिया

सुटी समीकरणे विसरतात, एका धाग्यात ओवलेली टिकून राहतात. यासाठी चुन्याचे उदाहरण घेण्याजोगे आहे. महाराष्ट्रातील जुने वाडे आणि गडकोट यांच्या बांधकामात चुना वापरला गेला. पानाच्या डबीत आणि भिंतीच्या सफेदीतही तोच असतो.

चुनखडी म्हणजे कॅल्शिअम कार्बोनेट. ती भट्टीत खूप तापविली म्हणजे तिचे अपघटन होऊन कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड मिळतो :

कॅल्शिअम कार्बोनेट → कॅल्शिअम ऑक्साइड + कार्बन डायऑक्साइड

कळीच्या चुन्यावर पाणी घातले की तो फुगतो व मोठ्या प्रमाणावर उष्णता बाहेर पडते. ही संयोग अभिक्रिया असून ती उष्मादायी आहे :

कॅल्शिअम ऑक्साइड + पाणी → कॅल्शिअम हायड्रॉक्साइड

हा विरलेला चुना भिंतीला लावला म्हणजे हवेतील कार्बन डायऑक्साइडशी त्याची सावकाश अभिक्रिया होते. दोन-तीन दिवसांत भिंतीवर कॅल्शिअम कार्बोनेटचा कठीण, चकचकीत थर तयार होतो :

कॅल्शिअम हायड्रॉक्साइड + कार्बन डायऑक्साइड → कॅल्शिअम कार्बोनेट + पाणी

ज्या चुनखडीपासून आरंभ झाला तीच पुन्हा हाती आली. प्रयोगशाळेत चुन्याच्या निवळीतून कार्बन डायऑक्साइड सोडला की निवळी दुधाळ होते, ती याच अभिक्रियेमुळे. भिंतीवरील सफेदी आणि परीक्षानळीतील दुधाळपणा यांचे समीकरण एकच आहे, हे कळले की एक पाठांतर वाचते. हाच वायू पुढेही सोडत राहिल्यास दुधाळपणा नाहीसा होतो. कारण पाणी, कार्बन डायऑक्साइड व कॅल्शिअम कार्बोनेट यांपासून पाण्यात विरघळणारे कॅल्शिअम बायकार्बोनेट तयार होते. ज्या गावी विहिरीचे पाणी दुष्फेन असते, तेथे पाणी उकळण्याच्या भांड्याच्या तळाशी पांढरे किटण बसते. पाणी उकळताना बायकार्बोनेटचे अपघटन होऊन कार्बोनेट पुन्हा वेगळे होते, त्याचा हा परिणाम आहे.

हिशेबही करून पाहावा. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडीपासून ५६ ग्रॅम कळीचा चुना व ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. ५६ ग्रॅम कळीच्या चुन्याला १८ ग्रॅम पाणी लागते व ७४ ग्रॅम विरलेला चुना होतो. मग २५ ग्रॅम चुनखडीपासून किती कार्बन डायऑक्साइड मिळेल ? चुनखडी एकचतुर्थांश, म्हणून वायूही एकचतुर्थांश, म्हणजे ११ ग्रॅम. वस्तुमानाची गणिते ही मुळात त्रैराशिकेच आहेत, हे यावरून दिसून येईल.

संयोग आणि अपघटन हे दोन प्रकार येथे आले. विस्थापनासाठी मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवण्याचा प्रयोग आठवावा. द्रावणाचा निळा रंग फिकट होत जातो आणि खिळ्यावर तांबूस थर बसतो. लोह हे तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने ते तांब्याला द्रावणातून बाहेर काढते. दुहेरी विस्थापनासाठी सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिठाचे द्रावण मिसळल्यावर पडणारा सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा अवक्षेप ध्यानात ठेवावा. प्रत्येक प्रकारासाठी एक उदाहरण पक्के असले की नव्या अभिक्रियेचा प्रकार ओळखणे अवघड जात नाही.

आम्ल, आम्लारी आणि घरातील हळद

या प्रकरणाची प्रयोगशाळा स्वयंपाकघरात आहे. लिंबात सायट्रिक, चिंचेत टार्टारिक, दह्यात लॅक्टिक आणि व्हिनेगरमध्ये ॲसेटिक आम्ल असते. सदऱ्यावर पडलेला भाजीचा पिवळा डाग साबण लावताच लाल होतो, हे प्रत्येकाने पाहिलेले असते. हळद हा नैसर्गिक दर्शक असून आम्लारीच्या सान्निध्यात तिचा रंग लालसर होतो. आम्लात मात्र ती पिवळीच राहते. म्हणून हळदीने आम्लारी ओळखता येते, परंतु आम्ल व उदासीन द्रावण यांतील भेद सांगता येत नाही. हा भेद ज्याला सांगता येतो, त्याला दर्शक या संकल्पनेचे मर्म कळले असे समजावे.

सामूची मोजपट्टी डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ सोरेन्सन याने १९०९ मध्ये सुचविली. शालेय अभ्यासक्रमात ती ० ते १४ अशी घेतात. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी व त्यावर आम्लारिधर्मी. सामू एकाने कमी झाला म्हणजे हायड्रोजन आयनांची संहती दसपट होते. म्हणून ३ सामू असलेल्या द्रावणातील ही संहती ५ सामूच्या द्रावणातील संहतीच्या शंभरपट असते, दुप्पट नव्हे.

आम्लाच्या तीन अभिक्रिया एकत्र लक्षात ठेवाव्यात. जस्तासारख्या क्रियाशील धातूवर विरल आम्ल घातले की हायड्रोजन मिळतो. कार्बोनेट किंवा बायकार्बोनेटवर घातले की कार्बन डायऑक्साइड मिळतो. आम्लारीत मिसळले की क्षार व पाणी मिळते. खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळताच जो फेस येतो, तो यांपैकी दुसऱ्या अभिक्रियेचा प्रत्यक्ष पुरावा होय.

हळद, लिंबू, सोडा यांचे प्रयोग घरी निर्धास्तपणे करता येतात. इतर रसायनांचे प्रयोग मात्र शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावेत. आम्ल विरल करताना ते थोडेथोडे पाण्यात ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये. स्वच्छतागृह धुण्याचे आम्ल व विरंजक द्रव एकमेकांत मिसळू नयेत. त्यापासून क्लोरीन हा विषारी वायू बाहेर पडतो. हे नियम परीक्षेपुरते नसून आयुष्यभर पाळावयाचे आहेत.

नियम जाणला की उत्तरे सापडतात

रशियन शास्त्रज्ञ दिमित्री मेंडेलीव्ह याने १८६९ मध्ये आपली आवर्तसारणी प्रसिद्ध केली, त्या वेळी अनेक मूलद्रव्ये अज्ञात होती. त्याने सारणीत त्यांच्यासाठी जागा मोकळ्या ठेवल्या आणि काहींचे गुणधर्मही आगाऊ सांगितले. पुढे १८७५ मध्ये गॅलिअम आणि १८८६ मध्ये जर्मेनिअम सापडले, तेव्हा त्याची भाकिते मोठ्या प्रमाणात खरी ठरली. इंग्रज शास्त्रज्ञ मोझ्ले याने १९१३ मध्ये अणुअंकाचे महत्त्व प्रयोगाने दाखविल्यानंतर सारणीची मांडणी अणुअंकानुसार होऊ लागली. आज तीत ११८ मूलद्रव्ये आहेत. ही सर्व पाठ करण्याची मुळीच आवश्यकता नाही. कवचांची संख्या म्हणजे आवर्त, आणि बाहेरील कवचातील इलेक्ट्रॉनांवरून गण, एवढे कळले की पुरे. सोडिअमची २, ८, १ ही रचना पाहताच त्याचे स्थान तिसऱ्या आवर्तात व पहिल्या गणात आहे हे सांगता येते.

कार्बनी संयुगांचेही असेच आहे. संपृक्त हायड्रोकार्बनमध्ये हायड्रोजनचे अणू कार्बनच्या अणूंच्या दुपटीपेक्षा दोनने अधिक असतात. मिथेनमध्ये एकास चार, इथेनमध्ये दोनास सहा, प्रोपेनमध्ये तिनास आठ, ब्युटेनमध्ये चारास दहा. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये मुख्यत्वे प्रोपेन व ब्युटेन हेच वायू द्रवरूपात भरलेले असतात. नियम एक, सूत्रे हवी तितकी.

मोल या संकल्पनेला घाबरण्याचे कारण नाही. डझन म्हटले की जशी १२ ही संख्या, तसे मोल म्हटले की ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात ही संख्या. पाण्याचे रेणुवस्तुमान १८ आहे, म्हणून १८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल व ३६ ग्रॅम म्हणजे दोन मोल. उत्तरापुढे एकक लिहिण्यास विसरू नये.

उत्तर कसे लिहावे

‘शास्त्रीय कारणे लिहा’ या प्रश्नात पुष्कळ विद्यार्थी प्रश्नातील विधानच निराळ्या शब्दांत लिहून मोकळे होतात. अशा उत्तरात तीन गोष्टी क्रमाने याव्यात : पदार्थ कोणते आहेत, त्यांच्यात कोणती अभिक्रिया होते आणि तिचा परिणाम काय दिसतो. तांब्याची भांडी चिंचेने का घासतात, याचे उत्तर असे लिहिता येईल : ‘हवेतील ऑक्सिजन, आर्द्रता व कार्बन डायऑक्साइड यांच्यामुळे तांब्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइड किंवा कार्बोनेटचा थर जमतो. चिंचेत टार्टारिक आम्ल असते. या आम्लाची त्या थराशी अभिक्रिया होऊन विरघळणारा क्षार तयार होतो व तो पाण्याबरोबर निघून जातो. त्यामुळे भांडे पुन्हा चकाकते.’ चार वाक्ये, परंतु एकही वाया गेलेले नाही.

निरीक्षण व अनुमान यांची गल्लत करू नये. ‘बुडबुडे आले’ हे निरीक्षण. ‘तो वायू हायड्रोजन आहे’ हे अनुमान असून ते जळती काडी जवळ नेल्यावर झालेल्या ‘फट्’ अशा आवाजावरून काढलेले असते. फरक स्पष्ट करताना मुद्दे समोरासमोर लिहावेत. आकृती पेन्सिलीने काढून तिला नावे द्यावीत. समीकरण विचारले नसले तरी ते बरोबर येत असल्यास अवश्य लिहावे, चुकीचे मात्र भर म्हणून लिहू नये.

तीन आठवड्यांची आखणी

रोज चाळीस मिनिटे द्यावीत. पहिली दहा मिनिटे कालचे न पाहता लिहिण्यासाठी, मधली वीस नवीन भागासाठी आणि शेवटची दहा त्याच भागातील मुद्दे पुस्तक मिटून लिहिण्यासाठी ठेवावीत. पहिल्या आठवड्यात संज्ञा, संयुजा, रेणुसूत्रे व आवर्तसारणी. दुसऱ्यात समीकरणे, अभिक्रियांचे प्रकार, आम्ल व आम्लारी. तिसऱ्यात गणिते, धातू आणि आपल्या इयत्तेतील उरलेली प्रकरणे घ्यावीत. दर रविवारी घड्याळ लावून एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवावी.

वहीची शेवटची चार पाने चुकांसाठी राखून ठेवावीत. प्रत्येक चूक, तिचे कारण व बरोबर उत्तर तेथे लिहावे. परीक्षेच्या आदल्या दिवशी संपूर्ण पुस्तक चाळण्यापेक्षा ही चार पाने अधिक उपयोगी पडतात. तयार उत्तरांची मार्गदर्शके आधी उघडू नयेत. स्वतः उत्तर लिहून झाल्यावर तपासण्यापुरताच त्यांचा उपयोग करावा.

गावातील दोन-तीन विद्यार्थ्यांनी एकत्र बसून एकमेकांना शिकवावे. जो शिकवितो त्याचे ज्ञान अधिक पक्के होते. पालकांनाही येथे काम आहे. आई-वडिलांना रसायनशास्त्र येत नसले तरी ‘हे असे का झाले, ते मला समजेल अशा भाषेत सांग’ एवढे ते विचारू शकतात. ज्या मुलीला दुधाळ झालेली निवळी आपल्या आईला समजावून सांगता आली, तिला ती परीक्षकालाही सांगता येईल. शिक्षकांनी उजळणीच्या तासाला सर्वांना सोप्या रेणुसूत्रांची एक लहान चाचणी द्यावी. कोणाची पायरी कोठे चुकली आहे ते तीतून दहा मिनिटांत कळते.

या अभ्यासाचे मोल गुणपत्रिकेपुरते मर्यादित नाही. औषधनिर्माण, परिचर्या, कृषी, तंत्रनिकेतन किंवा औद्योगिक प्रशिक्षण यांपैकी कोणत्याही वाटेने गेले तरी ही शिदोरी लागतेच. शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याला तर तिचा उपयोग घरीच होतो. जमीन आरोग्य पत्रिकेची योजना देशात २०१५ मध्ये सुरू झाली. त्या पत्रिकेत जमिनीचा सामू दिलेला असतो. चुनखडीयुक्त जमिनीचा सामू सातापेक्षा अधिक असतो. अशा जमिनीत लोह असूनही पिकाला ते पुरेसे मिळत नाही व कोवळी पाने पिवळी पडतात. त्यावर हिराकशीची, म्हणजे फेरस सल्फेटची, फवारणी सुचविली जाते. ज्याने सामू, चुनखडी आणि क्षार ही तीन प्रकरणे समजून घेतली आहेत, तो नववीतील मुलगा ही पत्रिका हाती घेऊन आपल्या वडिलांना तिचा अर्थ सांगू शकेल.